रिडो कालव्यावर ट्रेलरवरची छोटी बोट : पाच दिवसांत काय जमेल, काय टाळावे?

चित्रा_रावपुरा (बडोदे)

सर्वांना नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे आणि सासूबाई कॅनडात किंग्स्टनला माझ्या दिरांकडे जाणार आहोत. भाऊजींकडे सतरा फुटांची ॲल्युमिनियमची उघडी बोट आहे. तिला मागे आउटबोर्ड मोटर आहे आणि एरवी ती ट्रेलरवर चढवून अंगणात उभी असते. किंग्स्टनहून ओटावापर्यंत जाणारा रिडो कालवा त्यांच्या घरापासून जवळच सुरू होतो, आणि पाच दिवस हाताशी असल्यामुळे सबंध कालवा या बोटीने पार करावा, असा त्यांनी बेत आखला आहे. आजवर त्यांनी बोट चालवली ती तळ्यांत, मासे पकडण्यासाठी. लॉकमधून, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, ती एकदाही नेलेली नाही. त्यामुळे त्यांचा उत्साह मोठा असला तरी मला धाकधूक आहे, आणि वहिनीने हे तोंडावर सांगितलेले त्यांना आवडणार नाही.

आम्हा बडोदेकरांना कालवा म्हटला की नर्मदेचा मुख्य कालवा आठवतो, ज्याच्या काठाशी मुलांना जाऊ द्यायलाही आपण घाबरतो. म्हणून जाणकारांना विचारते : लॉकमध्ये पाणी चढते-उतरते तेव्हा एवढ्याशा बोटीत बसलेल्या माणसांनी नेमके काय करायचे असते, पाच दिवसांत ओटावा गाठणे शहाणपणाचे आहे का, आणि गाडी व रिकामा ट्रेलर किंग्स्टनला राहिला तर ओटावाहून बोट परत आणायची कशी? आमच्या ह्यांना सुकाणू हाती धरण्याची फार हौस आहे. त्यासाठी काही परवाना लागतो का, तेही कळावे.

बडोदेकर_ओटावा

चित्राताई, मी मूळचा दांडिया बाजारातला, आता बरीच वर्षे ओटावात आहे आणि ट्रेलरवरची छोटी बोट घेऊन याच कालव्यावर फिरतो. आधी तुमच्या बेताबद्दल स्पष्ट सांगतो. सबंध कालवा २०२ किलोमीटरचा असून मुख्य मार्गावर ४५ लॉक आहेत. प्रत्येक लॉकला, वाट पाहणे धरून, अर्धा तास लागतो असे समजा. जिथे कालवा अरुंद आहे तिथे ताशी १० किलोमीटरची मर्यादा असते, आणि सप्टेंबरमध्ये लॉक उघडी राहण्याचे तासही भर उन्हाळ्यापेक्षा कमी होतात. पाच दिवसांत एका बाजूचा प्रवास होतो, होत नाही असे नाही. पण मग सकाळी उठायचे, लॉक गाठायचे आणि घड्याळाकडे पाहत पुढचे लॉक गाठायचे, एवढेच हाती राहते. उघड्या बोटीत सासूबाईंना घेऊन असे धावण्यात मला तरी काही स्वारस्य दिसत नाही.

ट्रेलरवरच्या बोटीचा खरा फायदा हाच, की तिला कालव्याच्या टोकापासून सुरुवात करावी लागत नाही. मोठ्या बोटीवाल्यांना निमूटपणे सगळा मार्ग पार करावा लागतो. आपण मात्र हवा तो तुकडा निवडून तिथल्या रॅम्पवरून बोट पाण्यात सोडू शकतो. माझ्या मते दक्षिणेकडचा जोन्स फॉल्स, डेव्हिस, चॅफीज लॉक, न्यूबरो हा तुकडा सर्वांत सुंदर आहे : तळी, खडकाळ बेटे, पाइनची झाडे आणि मधूनमधून अरुंद वाटा. जोन्स फॉल्सपासून न्यूबरोपर्यंत जा, अपर रिडो तळ्यातून वेस्टपोर्ट गावाला मुक्काम करा आणि त्याच वाटेने परत या. जाताना लॉकमध्ये वर चढाल, येताना खाली उतराल, म्हणजे दोन्ही अनुभव पदरात पडतील आणि गाडी-ट्रेलरचा प्रश्न मुळात उद्भवणारच नाही. सबंध कालवाच करायचा झाला, तर ओटावाहून किंग्स्टन रस्त्याने साधारण दोन तासांवर आहे. कुणीतरी जाऊन ट्रेलर घेऊन यावा लागेल. ज्या मरिनात (बोटींच्या तळावर) गाडी ठेवणार, तिथे आधी फोन करून गाडी ठेवण्याचे भाडे विचारून घ्यावे.

आता लॉकविषयी. धक्क्याचा काही भाग निळ्या रंगाने रंगवलेला असतो. लॉकमधून जायचे असेल तर बोट या निळ्या पट्ट्याला लावून थांबायचे. नुसते जेवायला किंवा फिरायला थांबला असाल तर त्या पट्ट्यापासून दूर लावायची. कर्मचारी हाताने खूण करतात तेव्हाच आत शिरायचे, तेही अगदी संथ. त्याआधीच बोटीच्या दोन्ही बाजूंना फेंडर (भिंतीला घासू नये म्हणून लावायच्या उशा) बांधून ठेवावेत, कारण कोणत्या भिंतीला जायचे ते ऐन वेळी सांगितले जाते. आत भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळ्या प्लास्टिकचे आवरण असलेल्या तारा ठराविक अंतरावर सोडलेल्या असतात. बोटीच्या पुढच्या टोकाला एकाने आणि मागच्या टोकाला दुसऱ्याने आपापला दोर त्या तारेमागून ओवून घ्यायचा आणि त्याचे मोकळे टोक हातात धरून ठेवायचे. हे फार महत्त्वाचे आहे : दोर धरायचा असतो, बांधायचा नसतो. पाणी उतरत असताना दोर बोटीच्या खुंटीला पक्का बांधलेला असेल आणि तारेवर कुठे अडकला, तर बोट त्या बाजूने लोंबकळते आणि माणसांसकट कलंडू शकते. हातातला दोर मात्र सैल सोडता येतो.

बोट भिंतीजवळ राहिली की इंजिन बंद करायचे. सिगारेट, स्टोव्ह, कोणतीही ज्योत चालत नाही, कारण त्या बंदिस्त हौदात पेट्रोलची वाफ साचून राहते. भिंत दगडाच्या मोठमोठ्या चिऱ्यांची असते. पाणी उतरू लागले की ओली, शेवाळलेली, गारेगार भिंत अगदी नाकासमोर उभी राहते आणि दरवाजांच्या लाकडी सांध्यांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडताना दिसतात. पहिल्यांदा ते पाहून छातीत धस्स होते, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. लाकडी दरवाजे थोडे गळतातच. धोका असतो तो हाताला. बोट भिंतीकडे सरकली तर तिला बोटांनी किंवा पायाने ढकलायला जाऊ नये, आकडी लावलेली काठी वापरावी. उतरताना पाणी शांत असते. चढताना वरच्या दरवाजाकडून लोंढा येतो आणि हलकी बोट पुढे असेल तर ती चांगलीच हेलकावते. म्हणून वर जाताना तुमची बोट मागे घ्यायला सांगितले तर नाराज होऊ नका.

परवान्याबद्दल : कॅनडात नोंदलेली मोटरबोट चालवायची तर सुकाणूवर असलेल्या माणसाकडे नौचालनाचे कार्ड लागते आणि पाहुण्यांनाही यातून सूट नाही. तेव्हा भाऊजीच चालवतील, आणि तुमच्या ह्यांच्याकडे मागचा दोर द्यावा. ते काम सुकाणूइतकेच जबाबदारीचे आहे. याशिवाय लॉकमधून जाण्याचा पास वेगळा काढावा लागतो. त्याची किंमत बोटीच्या लांबीवर ठरते, त्यामुळे सतरा फुटांना तो जड जात नाही.

निवृत्त_कालवे_अभियंता (मांजलपूर)

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात थोडी भर घालतो, कारण चित्राताईंच्या मनातली भीती नर्मदेच्या कालव्यावरून आलेली आहे आणि हे दोन कालवे मुळातच वेगवेगळ्या जातीचे आहेत.

नर्मदा मुख्य कालवा गुजरातमध्ये ४५८ किलोमीटर धावतो आणि मुखाशी त्याची वहनक्षमता सेकंदाला १,१३३ घनमीटर आहे. पाणी वाहून नेणे हेच त्याचे काम, म्हणून त्याला सलग उतार दिलेला आहे, आणि काठ काँक्रीटचे, गुळगुळीत व तिरके आहेत. आत पडलेल्या माणसाला पकडायला काहीच सापडत नाही, म्हणून तो जिवावर बेततो. रिडो कालव्यात पाणी जवळजवळ स्थिर असते. कर्नल जॉन बाय या इंग्रज अभियंत्याने १८२६ ते १८३२ या काळात तो बांधला तेव्हा लांबच लांब चर खोदण्याऐवजी रिडो आणि कॅटराक्वी या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे घालून खळाळ आणि धबधबे पाण्याखाली बुडवले. २०२ किलोमीटरपैकी माणसाने खोदलेला भाग जेमतेम १९ किलोमीटरच्या आसपास आहे. बाकी सगळी तळी आणि फुगवटा दिलेली नदी. म्हणजे ही पाण्याच्या पायऱ्यांची रचना झाली, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचे साधन म्हणजे लॉक. ओटावा नदीपासून माथ्याच्या अपर रिडो तळ्यापर्यंत ८३ मीटर चढ आहे आणि तिथून किंग्स्टनला ५० मीटर उतार.

लॉकच्या दरवाजांविषयी एक गोष्ट कळली की भीती अर्धी होते. दोन्ही झडपा सपाट रेषेत मिटत नाहीत, त्या वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात. त्यामुळे वरच्या पाण्याचा दाब त्यांना उघडत नाही, उलट एकमेकींवर आणखी घट्ट दाबून बसवतो. दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीत येईपर्यंत माणसाने कितीही जोर लावला तरी तो दरवाजा हलत नाही. म्हणूनच हे दरवाजे आजही बहुतेक ठिकाणी हाताने फिरवायच्या रहाटाने आणि साखळीने उघडले जातात. न्यूबरो, स्मिथ्स फॉल्स आणि ब्लॅक रॅपिड्स या तीन ठिकाणी तेवढे यंत्र आहे.

इथला हौद १३४ फूट लांब आणि ३३ फूट रुंद आहे. मूळ योजना याहून लहान लॉकची होती. वाफेच्या बोटी येऊ घातल्या आहेत हे ओळखून बाय यांनी मोठ्या मापाचा आग्रह धरला. पंधरा फूट चढाचे एक लॉक धरले तर हिशेबाने एका खेपेला सुमारे १९ लाख लिटर पाणी खर्ची पडते, मग आत एक होडी असो वा दहा. कर्मचारी तुम्हाला मागून येणाऱ्या बोटींसाठी थांबवून ठेवतात त्यामागे हेही कारण आहे, तेव्हा तिथे घाई करून उपयोग नाही.

जोन्स फॉल्सला उतरलात तर लॉक पाहून लगेच निघू नका. रानातून थोडे चालत गेले की दगडी कमानीचा बंधारा लागतो. सुमारे ६० फूट उंचीचा हा बंधारा बांधून झाला तेव्हा उत्तर अमेरिकेत एवढा उंच बंधारा दुसरा नव्हता. आमच्या धंद्यातल्या माणसाने तिथे तासभर बसावे. मात्र या कामाची दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी. हा कालवा १८१२ च्या युद्धानंतर अमेरिकेच्या तोफांपासून दूर राहून माँट्रियल ते किंग्स्टन रसद नेता यावी म्हणून बांधला गेला, आणि तो बांधताना हजाराच्या आसपास माणसे दगावली, त्यांतली बरीचशी मलेरियाने. कॅनडासारख्या थंड मुलुखात मलेरियाने माणसे मेली, यावर आपल्याकडे चटकन कुणी विश्वास ठेवत नाही. खुद्द बाय यांना खर्च आठ लाख पौंडांवर गेल्याच्या कारणावरून लंडनला परत बोलावले गेले. लढाई पुन्हा झालीच नाही. कालवा मात्र २००७ मध्ये जागतिक वारसा स्थळ झाला.

समीर_अलकापुरी

माझे मत थोडे वेगळे आहे. ऐतिहासिक कालवाच पाहायचा असेल तर फ्रान्समधला कनाल दु मिदी पाहावा. तो १६८१ चा आहे, म्हणजे रिडोपेक्षा दीडशे वर्षांनी जुना; तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे सुमारे २४० किलोमीटर जातो, आणि तिथे भाड्याची घरबोट चालवायला परवाना लागत नाही. त्याची लॉक लंबगोल आहेत, कारण सरळ भिंती मातीच्या दाबाने कोसळतात असा बांधणाऱ्यांचा अनुभव होता. आणि एवढ्या लांब जाण्याआधी आपल्या देशात असे काही नाही का, हाही प्रश्न मनात येतो.

निवृत्त_कालवे_अभियंता (मांजलपूर)

समीरराव, मिदीबद्दलची माहिती बरोबर आहे, पण तिथे माणसे भाड्याने घेतात ती झोपण्याची सोय असलेली मोठी बोट. चित्राताईंच्या घरी बोट आणि ट्रेलर आयते आहेत आणि मुक्कामही किंग्स्टनला आहे, तेव्हा मिदीची तुलना इथे फारशी उपयोगी नाही.

आपल्याकडे लॉक आहेत आणि होती. गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला तेव्हा प्रोबी कॉटली यांनी प्रपातांच्या बगलेला बोटींसाठी वेगळी वाट आणि लॉक बांधली होती. गोदावरीवर दवलेश्वरमला आर्थर कॉटन यांचा बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि त्यातून निघालेल्या कालव्यांवर नावांची मोठी वाहतूक चाले. पुढे रेल्वे आली आणि बहुतेक ठिकाणी कालवे केवळ सिंचनाचे उरले. आज पश्चिम बंगालमध्ये फराक्क्याचे लॉक आहे, पण ते मालवाहू जहाजांसाठी. केरळमध्ये कोल्लमहून उत्तरेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय जलमार्गावर त्रिक्कुन्नप्पुळ्याला लॉक आहे. बॅकवॉटरला जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. स्वतःची छोटी बोट ट्रेलरवर घालून एका लॉकमधून दुसऱ्यात हौसेने जात राहावे, अशी व्यवस्था मात्र आपल्याकडे नाही, आणि नर्मदेच्या कालव्यावर ती व्हावी असे म्हणणाऱ्यांनी त्या तिरक्या काठांकडे एकदा नीट पाहावे.

चित्रा_रावपुरा (बडोदे)

आपणा सर्वांची मी आभारी आहे. भाऊजींना हा धागाच वाचायला दिला; अभियंतेकाकांचे लिहिणे त्यांना पटले, आणि ओटावाचा हट्ट सोडून जोन्स फॉल्स ते वेस्टपोर्ट असे त्यांनी मान्य केले आहे. आता थोडे बारीकसारीक विचारते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. लॉक चढताना बोट हेलकावते असे आपण लिहिले आहे, तेव्हा त्यांना बोटीत बसवून ठेवणे योग्य होईल का? रात्रीच्या मुक्कामाचे काय करावे? आणि आमचे हे विचारतात की त्या पाण्यात मगरी आहेत का. हसू नका, बडोद्यातल्या मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी वाढलेल्या माणसाला पाणी म्हटले की पहिली मगरच आठवते.

बडोदेकर_ओटावा

मगरी नाहीत, ताई. कासवे खडकांवर ऊन खात बसलेली दिसतील आणि तळ्यांवर लून पक्ष्यांची लांबलचक हाक ऐकू येईल.

काळजी करायची ती वाऱ्याची. न्यूबरोच्या पुढे नॅरोज लॉक ओलांडून बिग रिडो तळ्यात जाण्याचा मोह होईल, पण ते तळे लांब, रुंद आणि खोल आहे. दुपारी वारा सुटला की उघड्या बोटीला लाटा जड जातात. गेलातच तर सकाळी लवकर जा आणि काठ धरून चाला. लाइफजॅकेट प्रत्येक माणसामागे एक, त्याच्या मापाचे, बोटीत असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. कायद्यात ते जवळ असले तरी चालते. तुम्ही मात्र बोटीत पाय ठेवल्यापासून अंगावरच ठेवा. बडोद्याच्या हरणी तलावातली जानेवारी २०२४ ची बोट उलटल्याची घटना आठवत असलेल्या बडोदेकरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. फेकायचा तरंगता दोरही, किमान पंधरा मीटरचा, जवळ असावा.

वाटेतल्या तरंगत्या खुणांचा नियम भाऊजींना तोंडपाठ हवा : चढाच्या दिशेने जाताना लाल खूण उजव्या हाताला ठेवायची. इथे मेख अशी आहे, की हा कालवा दोन्ही टोकांकडून मध्याकडे चढतो. जोन्स फॉल्सहून न्यूबरोपर्यंत तुम्ही चढत असता. न्यूबरोचे लॉक ओलांडले की नियम उलटा होतो आणि लाल खूण डावीकडे येते. तिथे गोंधळलेल्या बोटींचे पंखे खडकावर आपटून तुटतात.

मुक्कामासाठी लॉकच्या धक्क्याला रात्रभर बोट बांधता येते, त्याचे वेगळे शुल्क असते, आणि काही लॉकजवळ तंबूही ठोकता येतो. पण सप्टेंबरच्या रात्री गार असतात आणि सासूबाई बरोबर आहेत. तेव्हा वेस्टपोर्टला खोली घेऊन ठेवावी. त्या आठवड्यात तिथे गर्दी ओसरलेली असते.

परतल्यावर बोट ट्रेलरवर चढवली की तळाचे बूच काढून सगळे पाणी रॅम्पपाशीच सांडून टाकायचे आणि अडकलेले शेवाळ काढायचे. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ऑन्टारियोत १ जानेवारी २०२२ पासून हे सक्तीचे आहे. पुढच्या वेळी बोट पाण्यात सोडण्याआधी ते बूच परत लावले की नाही, हे दोघांनी वेगवेगळे तपासावे. एकट्या भाऊजींवर सोपवू नये.

सासूबाईंना लॉकमध्ये बसवून ठेवण्याची काहीच आवश्यकता नाही. निळ्या पट्ट्याला बोट थांबली की त्यांना धक्क्यावर उतरवा आणि भाऊजींच्या घरचे कुणी बरोबर द्या. लॉकच्या कडेने हिरवळ आणि बसायला बाके असतात. बोट आत चढत असताना त्या वरून पाहतील आणि पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा बसतील. जोन्स फॉल्सला मात्र चार लॉक आहेत आणि चढही बराच आहे, त्यामुळे तिथे त्यांना गाडीनेच वर सोडावे.